चतुर्थीपूर्वीची गालिचेधुलाई आणि त्यानंतरची खरखर

माननीय संपादक महोदय,
सविनय नमस्कार.

गणेशचतुर्थी महिन्याभरावर आली की सकाळी वृत्तपत्र उलगडताना त्याच्या घडीतून रंगीत पत्रके जमिनीवर पडू लागतात. सोफा, गाद्या आणि गालिचे घरी येऊन ‘शाम्पूने’ धुऊन देणाऱ्यांची ती जाहिरात असते आणि चित्रात हटकून फेसाने माखलेला गालिचा दाखवलेला असतो. गेल्या वर्षी असेच एक पत्रक जपून ठेवून मी आमच्या पर्वरीच्या घरातला गालिचा धुऊन घेतला. चार दिवसांनी तो वाळला तेव्हा स्वच्छ दिसत होता, यात शंका नाही. पण त्यावर अनवाणी पाऊल टाकले की वाळक्या सोडणावर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या सालीवर, पाय पडल्यासारखे वाटे आणि बारीक करकर ऐकू येई. यंदा पत्रके पुन्हा सुरू झाली आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका उच्च माध्यमिक विद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे विषय थोडा ओळखीचा आहे. तरीही यातली एक मोठी चूक मी स्वतःच्या हातांनी केलेली आहे आणि तीही पुढे सांगणार आहे.

गालिचा साधाच आहे. माझा भाऊ तारवटी. बोटीवरून सुट्टीवर येताना त्याने तो आखाती देशातून आणलेला. पाच फूट रुंद, सात फूट लांब, यंत्रावर विणलेला, पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचा. धुवायला आलेल्या दोघा मुलांनी बादलीत शाम्पू ओतला, गोल फिरणाऱ्या ब्रशने पाऊण तास फेस काढला, वरवरचा फेस व्हॅक्यूमने ओढून घेतला आणि ‘पंख्याखाली संध्याकाळपर्यंत सुकेल’ असे सांगून ते पुढच्या घरी गेले. साध्या पाण्याचा हात मात्र एकदाही फिरला नाही. बाहेर झड लागलेली होती आणि घरात कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येत होता, तेव्हा संध्याकाळी सुकण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘चालून चालून मऊ होईल, नाहीतर पुन्हा एकदा शाम्पू मारून देतो.’ त्या मुलांवर माझा राग नाही. फेस जास्त म्हणजे सफाई जास्त असे त्यांना शिकवलेले आहे, आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही पैसे देताना फेसच पाहायला आवडतो.

पेडण्याच्या बाजूला आमचे मूळ घर आहे. तिथून जवळच आगरवाड्याची मिठागरे. गावाच्या नावातच ‘आगर’ आहे. ज्याने उन्हाळ्यात मिठागर पाहिले आहे त्याला गालिच्यातली खरखर वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कोंडलेले खारे पाणी उन्हाने उडून जाते, पण त्यात विरघळलेले मीठ उडत नाही. ते जागच्या जागी खडे धरते. धुतलेल्या गालिच्यात हेच होते. पाणी उडते, शाम्पू उडत नाही. शिवाय गालिच्यात आणखी एक गोष्ट घडते. ओल बुडाशी साठलेली असते, पण तिची वाफ होते ती लवेच्या, म्हणजे वर उभ्या असलेल्या धाग्यांच्या, टोकांवरून. त्यामुळे समईच्या वातीतून तेल चढावे तसे खालचे पाणी धाग्यांतून वर चढत राहते आणि येताना साबण, मळ, क्षार, जे काही त्यात विरघळले असेल ते घेऊन येते. टोकाशी पाणी हवेत जाते आणि ओझे तिथेच उतरते. म्हणून खरखर नेमकी पायाला लागते तिथे असते, आणि म्हणूनच धुताना गेलेला डाग दोन दिवसांनी पुन्हा वर आलेला दिसतो. धागे एकमेकांना चिकटून त्यांचे झुबके होतात आणि ओले असताना ज्या दिशेला दबलेले असतील तसेच ते वाळून ताठ होतात. साबणाचा हा थर थोडा चिकट असल्यामुळे पायांची धूळही धरून ठेवतो. तेव्हा ‘चालून चालून मऊ होईल’ याचा खरा अर्थ चालून चालून मळेल असाच निघतो, आणि पुन्हा शाम्पू मारणे म्हणजे मिठागरात आणखी एक भरती घेणे.

साबण हाच बहुतेक वेळा मुख्य आरोपी असला तरी त्याला साथीदार असतात. हल्ली मोबाइलवर फिरणाऱ्या उपायांत खायचा सोडा गालिच्यावर पसरून त्यावर व्हिनेगर शिंपडण्याचा एक उपाय हमखास असतो. फसफसून बुडबुडे येतात, म्हणून काहीतरी जोरदार घडत आहे असे वाटते. घडते ते एवढेच की आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात, कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि गालिच्यात सोडियम अ‍ॅसिटेट हा नवा क्षार उरतो. दोन कामाच्या वस्तू एकत्र करून दोन्ही वाया घालवण्याचा हा प्रकार आहे. सोडा वास घालवण्यासाठी वापरायचा तर कोरडाच पसरावा आणि कोरडाच व्हॅक्यूमने काढून टाकावा. ओला झाला की तो लवेच्या मुळाशी बारीक खडीसारखा बसतो.

‘तुमचे पाणी जड आहे’ हे आणखी एक तयार उत्तर. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात, म्हणजे पाठ्यपुस्तकातले दुष्फेन पाणी, तिथे ते खरेही असते. साबणाशी मिळून त्या क्षारांचा न विरघळणारा साका तयार होतो आणि तो धाग्यावर बसतो. पण चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भूमीतून झिरपलेले आपल्याकडच्या विहिरींचे पाणी सामान्यतः मऊ असते. त्यात उलटी अडचण होते: फेस थोड्या साबणातही भरभरून येतो आणि निघता निघत नाही. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी वापरणाऱ्यांनी बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतो का एवढे पाहावे. धरत नसेल तर पाण्यावर आळ घेऊ नये.

किनाऱ्याजवळच्या घरांत मात्र खरेखुरे मीठच गालिच्यात येते. कळंगुट, मिरामार किंवा कोलव्याच्या वाळूतून आलेली पाहुणेमंडळी पाय न धुता थेट बैठकीत शिरतात. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले पाणी ओढून पाझरू लागते आणि हवा कोरडी झाली की पुन्हा खडा धरते. अशा घरांतला गालिचा पावसाळ्यात चिकट आणि जानेवारीत करकरीत लागतो. गालिचा असा ऋतूप्रमाणे स्वभाव बदलत असेल तर साबणाआधी मिठाचा संशय घ्यावा. बाकीचे साथीदार घरातलेच: पूजेच्या गडबडीत सांडलेले पंचामृत, मुलांच्या हातून उपडे झालेले लिंबूसरबत, आणि दाराशी काढलेली रांगोळी. सरबतातली साखर वाळून काचेसारखी कडक होते. ती कोमट पाण्याने सहज निघते. पंचामृतात दूध असल्यामुळे तिथे पाणी गार घ्यावे, कढत पाण्याने दुधातली प्रथिने धाग्यावर पक्की बसतात. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. ती विरघळतच नाही, म्हणून तिला पाणी न दाखवता कोरडी उचलावी.

कारण ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. गालिच्याच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर थोडे कोमट पाणी शिंपडून बोटांनी चोळावे. पांढरा फेस आला तर साबण. माझ्या गालिच्यावर धुलाईनंतर चार महिन्यांनी, साबणाचा एक थेंबही न लावता, इतका फेस आला की यजमानांनी विचारले, ‘परत शाम्पू ओतलास की काय?’ फेस न येता बोटे चिकट झाली तर साखर. व्हिनेगरच्या थेंबाने फसफसले तर सोडा किंवा चुनखडीसारखा क्षार. यांतले काहीच न होता पाऊल टाकल्यावर खालून चुरचुर ऐकू येत असेल तर दोष लवेत नसून गालिच्याच्या पाठीत आहे, त्याविषयी पुढे लिहिते.

मी गालिचा दुरुस्त केला तो डिसेंबरातल्या एका शनिवारी. हवा कोरडी होती आणि गच्चीवर सकाळपासून वारा होता. पहिले काम कोरडे. गालिचा कठड्यावर उलटा टाकून पाठीवर काठीने बडवला, मग दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम फिरवला. ‘धुतलेल्या’ गालिच्यातून लाल मातीचा आणि वाळूचा जो ढीग पडला तो पाहून लाज वाटली. ही कोरडी माती आधी काढली नाही तर पाण्याबरोबर तिचा चिखल होतो आणि पुढचे सगळे कष्ट वाया जातात. त्यानंतर रंगाची परीक्षा: ओला पांढरा पंचा एका कोपऱ्यावर पाच मिनिटे दाबून ठेवला, पंच्याला रंग लागला नाही. रंग लागला असता तर मी तिथेच थांबले असते.

मग एक लिटर कोमट पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर, या हिशेबाने पाणी तयार करून पिचकारीने लवेवर मारले. हे व्हिनेगर बाजारात बाटलीत मिळते ते, पाण्यासारखे रंगहीन, साधारण ४ ते ५ टक्के आम्लाचे. आपल्याकडे पुष्कळ घरांत माडाच्या सुरेपासून केलेले व्हिनेगर असते. त्याला रंग असतो, ते लोणच्यात आणि विंदालूतच शोभते, गालिच्यात नव्हे. बहुतेक धुलाईद्रव्ये अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाची, असतात. पातळ आम्ल तो अल्कधर्म मारते आणि क्षारांचा थर सैल करते, एवढेच त्याचे काम. कुठल्याही ब्लीचच्या जवळपास मात्र व्हिनेगर आणू नये, दोन्हींच्या मिश्रणातून विषारी क्लोरीन वायू निघतो. दहा मिनिटांनी मऊ ब्रश लवेच्या दिशेने फिरवला. खसखसून घासायचे नाही, घासल्याने धाग्यांची टोके पिंजली जातात आणि ती खरखर कशानेच जात नाही.

खरे काम यानंतरचे, आणि ते साध्या पाण्याचे. गालिचा पूर्णपणे कृत्रिम धाग्याचा असल्यामुळे मला बादलीने पाणी ओतता आले. प्रत्येक बादलीनंतर न्हाणीघरातला रबरी वायपर लवेच्या दिशेने जोर देऊन ओढत नेला की आतले पाणी पुढे ढकलले जाई. गालिचे धुणारे कारागीर लाकडी फळीने जे करतात तेच. पहिल्या बादलीचे पाणी ताकासारखे पांढरे निघाले, दुसरीचे तांदळाच्या धुवणासारखे. चौथीचे स्वच्छ दिसत होते, पण ते अर्धे काचेच्या बाटलीत भरून हलवले तर वर बोटभर फेस उभा राहिला. डोळ्यांवर विश्वास ठेवून तिथे थांबले असते तर मिठागर तसेच राहिले असते. सहाव्या बादलीनंतर बाटलीतला फेस क्षणात विरला, तेव्हा वायपर खाली ठेवला. ज्यांच्याकडे पाणीही ओढणारा व्हॅक्यूम आहे त्यांचे काम सोपे: पाणी हलके शिंपडावे, लगेच ओढून घ्यावे आणि पाणी मारण्याचा एक हात झाला तर नुसते ओढण्याचे तीन हात फिरवावेत. जमिनीला चिकटवलेल्या गालिच्याला तर हाच एक मार्ग आहे, त्यावर बादली ओतली तर पाणी खाली उतरून महिनाभर कुजत राहते.

वाळवणे हा धुण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे आणि इथेच घाई होते. ओला गालिचा दोरीवर किंवा कठड्यावर लोंबकळत टाकला तर स्वतःच्या वजनाने ताणला जातो. मी दोन बाकांवर बांबू आडवे टाकून त्यावर तो पसरला, म्हणजे वारा खालूनही खेळला. लव अर्धवट ओली असतानाच ब्रशने उलट दिशेने उभी केली, तासाभराने पुन्हा, आणि संध्याकाळी तिसऱ्यांदा. हे केले नाही तर साबण पूर्ण गेल्यावरही लव दबलेलीच वाळते आणि हाताला ताठ लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खणखणीत वाळला, शेवटचा व्हॅक्यूम फिरवला आणि यजमान त्यावर पेपर घेऊन बसले ते उठेनात.

आता माझी चूक. आमच्याकडे देवघरासमोर लोकरीचा एक लहान गालिचा होता. त्यावर समईचे तेल सांडले, म्हणून मी तो कढत पाण्यात कपड्यांची पावडर घालून ब्रशने घासला. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या बाईने हे करायला नको होते. लोकर म्हणजे केस, प्रथिन. तिच्या प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. कढत पाणी, अल्क आणि घासणे हे तिन्ही एकत्र आले की खवले उघडतात, एकमेकांत अडकतात आणि लवेचा नमदा होतो, म्हणजे ती दाबलेल्या जाड कापडासारखी घट्ट होते. त्यात अडकलेला साबण धुऊन काढता येतो, अडकलेले खवले सोडवता येत नाहीत. तो गालिचा मऊ झाला नाही. बाल्कांवात, म्हणजे घरासमोरच्या ओट्यावर, मांजर त्यावर झोपते. लोकरीला पाणी गारच हवे, फार तर किंचित कोमट, आणि लोकरीसाठी म्हणून मिळणारे सौम्य द्रव्य किंवा रिठ्याचे पातळ पाणी हवे. पण रिठ्यालाही फेस असतो आणि तो धुऊन काढावाच लागतो, नैसर्गिक म्हणून तो आपोआप नाहीसा होत नाही. लोकरीची दुसरी गंमत अशी की ती आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषूनही हाताला ओली लागत नाही. ‘वाळला’ म्हणून गुंडाळलेला लोकरी गालिचा आतून ओलाच असू शकतो.

काही खरखरींवर घरगुती उपाय नाही, आणि ते वेळीच कळलेले बरे. टफ्टेड गालिच्यात धागे गाठी मारून बसवलेले नसतात. ते मागून लॅटेक्सच्या थराने चिकटवून वर कापड लावलेले असते. वर्षे गेली, ऊन लागले, वारंवार भिजला की तो लॅटेक्स सुकून त्याचा भुगा होतो. गालिचा दुमडल्यावर चुरचुर वाजतो आणि उचलल्यावर खाली पिठासारखी भुकटी दिसते. त्याला धुणे म्हणजे त्याचा अंत जवळ आणणे. तागाच्या पाठीचा गालिचा खूप भिजला तर तागातला तपकिरी रंग वर चढतो. ‘आर्ट सिल्क’ किंवा ‘बांबू सिल्क’ या नावाने विकला जातो तो बहुधा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतींच्या लगद्यापासून केलेला धागा, असतो. ओला झाला की तो कमकुवत होतो आणि वाळताना कडक, पिवळट पडतो, त्याला पाणी लावूच नये. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० ते १६५ अंश सेल्सियसला वितळते आणि सुती कपड्यांच्या खुणेवरची इस्त्री त्याहून जास्त तापते, म्हणून गालिच्यावर इस्त्री टेकवल्याची किंवा उदबत्तीचा निखारा पडल्याची जागा प्लॅस्टिकसारखी टणक होते. तिथे टोके कात्रीने हलकेच छाटण्यापलीकडे काही करता येत नाही. धागा कशाचा हे कळत नसेल तर कडेचे दोन तंतू चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावेत: केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून टणक मणी झाला तर कृत्रिम, कागदासारखे जळून राख उरली तर सूत, ताग किंवा व्हिस्कोस.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. चतुर्थी याच काळात येते. घर चुन्यापासून माटोळीपर्यंत (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीपर्यंत) सजवताना गालिचाही धुवावा असे वाटणे साहजिक आहे, पण ज्या दिवसांत रुमाल वाळत नाही त्या दिवसांत पाच-सात किलो पाणी प्यायलेला गालिचा वाळण्याची अपेक्षा करणे हा स्वतःवरच अन्याय आहे. ओल २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त राहिली की बुरशी धरू लागते. आणि वाळायला जितके दिवस लागतात तितके दिवस खालचा साबण टोकांकडे चढत राहतो. मार्च-एप्रिलमध्ये जो गालिचा कमी खळबळूनही खपून गेला असता, तोच ऑगस्टमध्ये सोडण होऊन बसतो. म्हणून चतुर्थीपूर्वी गालिच्याला केवळ कोरडी सफाई द्यावी: दोन्ही बाजूंनी व्हॅक्यूम, आणि घट्ट पिळलेल्या पंच्याने वरवर पुसणे. त्याहून उत्तम म्हणजे त्या पाच दिवसांत तो गुंडाळून आतल्या खोलीत ठेवावा आणि भजनी मंडळींसाठी जाजम अंथरावे. तूप, गूळ, कापूर आणि रांगोळी यांच्याशी जाजमाचे जुने सख्य आहे.

धुण्याचे दिवस डिसेंबर ते एप्रिल. पावसाळ्याच्या पुरुमेंताची, म्हणजे साठवणीच्या जिनसांची, यादी करताना मीठ, मिरच्या, सोले यांच्या खाली ‘गालिचा’ हा एक शब्द लिहून ठेवला तरी पुरे. धुऊन खडखडीत वाळलेला गालिचा लव आत ठेवून गुंडाळावा, जुन्या सुती चादरीत बांधावा आणि भिंतीला न टेकता फळीवर ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधला तर उरलीसुरली ओल आतच कोंडते. कसरीसाठी डांबराच्या गोळ्या चादरीच्या घडीत टाकाव्यात, लवेला लागू देऊ नयेत. पावसाळ्यातही गालिचा अंथरलेलाच ठेवायचा असेल तर दाराबाहेर एक आणि दाराआत एक अशी दोन पायपुसणी हवीत, पाय धुऊन आलेल्याने ते कोरडे करूनच आत यावे, आणि आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम फिरवावा. काही सांडले तर पंचा दाबून टिपावे. सोलकढीसारखे स्निग्ध काही असेल तरच साबण, तोही पेलाभर पाण्याला पाव चमचा, आणि त्यानंतर त्याच जागेवर साध्या पाण्याचे निदान दोन हात, दर वेळी टिपून. मग पंखा थेट त्या जागेवर लावावा किंवा एसी ‘ड्राय’ वर ठेवावा. कपड्यांना मऊपणा आणणारे द्रव्य गालिच्यावर शिंपडण्याचा मोह मात्र टाळावा. तेही धाग्यावर थर देऊनच काम करते आणि तो थरही धूळ धरतो.

पत्रके काढणाऱ्या व्यावसायिकांकडे, आणि अशी पत्रके घरोघरी पोहोचत असल्यामुळे आपल्याकडेही, एक मागणे आहे. ‘इम्पोर्टेड शाम्पू’ आणि ‘हॉटेलसारखी चमक’ या शब्दांच्या शेजारी चार ओळी अधिक छापल्या जाव्यात: कोणत्या धाग्याचा गालिचा आम्ही घेतो, शेवटी साध्या पाण्याने किती वेळा काढतो, ते पाणी कशाने ओढून घेतो, आणि या हवेत वाळायला किती तास लागतील. गालिच्यांची प्रदर्शने भरवणाऱ्यांनीही धागा कशाचा आणि पाठ कशाची हे चिठ्ठीवर लिहायला हरकत नसावी. साडी घेताना आपण पोत विचारतो, गालिचा घेताना केवळ रंग आणि भाव विचारतो. आपल्या पुरवणीत मार्च महिन्यात या विषयाला थोडी जागा मिळाली तर चतुर्थीच्या तोंडावर दिलेल्या सल्ल्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

हे पत्र लिहायला बसण्यापूर्वी मी यंदा आलेल्या तीन पत्रकांवरचे क्रमांक फिरवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: शेवटी साध्या पाण्याने काढता का? पहिल्याने सांगितले की त्यांच्या शाम्पूला त्याची गरज पडत नाही. दुसऱ्याने फोन आपल्या साहेबांकडे दिला आणि साहेबांनी दर सांगितला. तिसरा मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘काढतो बाई, पण तुमच्याकडे नळाला पाणी किती वेळ असते?’ मला हा प्रश्न योग्य वाटला. टाकी भरलेली असेल असे सांगून मी त्याला फेब्रुवारीत यायला सांगितले आहे.

आपली,
एक वाचक,
पर्वरी, गोवा